झोपेतली दहशत आणि मध्यरात्रीचा पॅनिक अटॅक: त्या क्षणी काय करायचं आणि दिवसा काय

झोपेत किंचाळत उठून बसलेल्या मुलाला गदागदा हलवून जागं करू नका. आणि छाती धडधडून जागं झालेल्या मोठ्या माणसाला "काही नाही झालं, झोप" असं म्हणून कूस बदलू नका.

हे दोन्ही प्रकार बहुतेक वेळा झोप लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतात. दोन्हीत घाम फुटतो, श्वास जोरात चालतो, नाडी धावते. त्यामुळे घरचे दोन्हीकडे सारखंच वागतात. पण पहिल्या प्रकारातलं मूल गाढ झोपेत असतं, तर दुसऱ्यातला माणूस लख्ख जागा असतो. म्हणून दोघांना लागणारी मदत अगदी उलटी आहे.

मुंबईत यात भिंतींची भर पडते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण झोपलेले असताना फुटलेली किंकाळी अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. चाळीत काय आणि टॉवरमध्ये काय, आईबापांच्या मनात पहिला विचार "शेजारी काय म्हणतील" हाच येतो, आणि त्या धास्तीपोटी मुलाच्या तोंडावर हात ठेवला जातो किंवा त्याला दटावलं जातं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. म्हणून शेजाऱ्यांची व्यवस्था आधी करा, तीही दिवसाउजेडी: "आमचा मुलगा कधीकधी झोपेत ओरडतो, डॉक्टरांना माहीत आहे, घाबरू नका." एवढं वाक्य दोन्ही बाजूंच्या घरांत सांगून ठेवलं की रात्री तुमचे हात मोकळे राहतात.

कोणती भीती आहे ते ओळखा

सकाळी एकच प्रश्न विचारा: रात्रीचं काही आठवतंय का?

काहीच आठवत नसेल आणि मूल नेहमीसारखं पोहे मागत असेल, तर ती बहुधा झोपेतली दहशत, म्हणजे नाइट टेरर. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट बाहेर येतो. शरीर उठून बसतं, पण भान झोपेतच राहतं. डोळे सताड उघडे असतात, पण ओळख नसते. आई जवळ घ्यायला गेली तर मूल तिलाच ढकलतं, आणि आईला ते फार लागतं. ते तिला ढकलत नसतं, कारण ती त्याला दिसतच नसते. काही मिनिटांत, क्वचित अर्ध्या तासापर्यंत, हे आपोआप ओसरतं आणि मूल आडवं होतं. साधारण तीन ते बारा या वयात हे जास्त दिसतं, घराण्यात कुणाला झोपेत चालायची किंवा ओरडायची सवय असेल तर अधिक. बहुतेक मुलांचं वाढत्या वयात थांबतं.

वाईट स्वप्न बहुतेकदा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडतं. मूल खरोखर जागं होतं, गोष्ट सांगतं, कुशीत घेतलं की शांत होतं. तिथं कुशीत घेणं हाच उपाय.

रात्रीचा पॅनिक अटॅक मुख्यतः मोठ्यांना येतो. स्वप्न वगैरे काही नसतं. शांत झोपेतून एकदम जाग येते आणि आपण आता मरणार, वेड लागणार किंवा श्वास बंद पडणार अशी खात्रीच वाटते. हातापायांना मुंग्या येतात, छाती आवळते, अंग थरथरतं. साधारण दहा मिनिटांत लाट शिखरावर जाते आणि मग उतरते. सकाळी सगळं बारकाईनं आठवतं, किंबहुना दिवसभर तेच आठवत राहतं. ज्यांना दिवसा पॅनिक अटॅक येतात त्यांच्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी झोपेतही येतो, त्यामुळे तुम्ही जगावेगळे नाही.

जाग आली आहे, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, हा चौथा प्रकार. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मन जागं झालं तरी ती सैलावस्था काही क्षण रेंगाळते आणि त्यात कुणी खोलीत उभं असल्याचा भासही होतो. कोकणातल्या गावी याच्या किती गोष्टी ऐकवल्या जातात! धोका काही नसतो. एखादं बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, एक-दोन मिनिटांत सुटतं. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. झोप अपुरी असेल तर ती भरून काढा.

आणि पन्नाशीनंतरचा माणूस पहाटे स्वप्नातल्यासारखा हातपाय झाडत असेल, शेजारी झोपलेल्याला ठोसे लागत असतील, तर ते "बाबा स्वप्नात भांडतात" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आधी हे वगळा

पहिल्यांदाच रात्री छातीत दाब आणि दम लागून जाग आली असेल, तर घरबसल्या "पॅनिक असेल" असं ठरवू नका. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे किंवा डाव्या हातात जात असेल, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. ईसीजी चांगला आला तर वेळ वाया गेला असं मानू नका. पुढच्या प्रत्येक अटॅकला "हृदय तपासलं आहे" हे वाक्य औषधासारखं उपयोगी पडतं.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना रात्री साखर घसरल्यानं हुबेहूब असाच घाम आणि थरथर होते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि सकाळी डॉक्टरांना कळवा. माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडातून काही देऊ नका, थेट १०८.

आडवं झाल्यावर दम लागतो आणि उठून बसल्यावर बरं वाटतं, जोरात घोरता घोरता श्वास अडकून जाग येते, आंबट पाणी घशाशी येतं, पहाटे दम्याची शिट्टी वाजते, या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. घोरून श्वास अडकणं ही स्लीप ॲप्नियाची खूण. ती तर मोठ्यांची झोपेतली दहशत आणि रात्रीची घाबरगुंडी दोन्ही वाढवते, आणि इलाज केला की दोन्ही कमी होऊ शकतात.

मूल किंचाळत उठलं तर

त्या क्षणी करायचं काम थोडंच आहे, आणि हेच आईबापांना जड जातं. जवळ बसा. दिवा मंद ठेवा. धरून दाबू नका, तोंडावर पाणी मारू नका, पाणी पाजू तर मुळीच नका, कारण झोपेतल्या मुलाला ठसका लागू शकतो. प्रश्न विचारू नका. हलक्या आवाजात एखादं ठरलेलं वाक्य म्हणत राहा. आजीला एखादं स्तोत्र पाठ असेल तर तिनं ते संथपणे म्हणावं, कारण घरात कुणाचा तरी आवाज शांत असणं हे आजूबाजूच्या मोठ्यांसाठीही गरजेचं असतं. मूल उठून चालायला लागलं तर पुढून अडवू नका. बाजूनं हलकेच वळवत अंथरुणाकडे आणा.

खरी काळजी इजेची. मुंबईच्या घरात ती कुठून होते ते आजच रात्री झोपण्यापूर्वी बघा. पोटमाळ्यावर किंवा बंकबेडच्या वरच्या भागावर अशा मुलाला झोपवू नका, खाली गादी घाला, आणि भिंतीकडे नव्हे तर दोन मोठ्यांच्या मध्ये. दाराची वरची कडी लावा, जिथं मुलाचा हात पोहोचत नाही. खिडकीला ग्रिल नसेल तर ती रात्री बंद राहू द्या. ग्रिल असेल तर तिच्याखाली स्टूल, ट्रंक, शिवणयंत्र असं चढता येईल असं काही ठेवू नका. चाळीच्या गॅलरीचा कठडा जुना आणि बुटका असतो, तिथं दाराची कडी हेच संरक्षण. ओट्यावरची सुरी आणि गरम पाण्याचं पातेलं आत सरकवा.

ओसरल्यावर मुलाला झोपू द्या. सकाळी भावंडांसमोर "काल काय केलंस माहितीये का" असा विषय काढू नका. त्याला आठवत नसलेली भीती आपण त्याच्या पदरात घालतो, आणि मग ते झोपायलाच घाबरू लागतं. दृष्ट काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरीनं काही बिघडत नाही. फक्त मुलाला "तुला कुणीतरी लागलंय" असं ऐकू येऊ देऊ नका.

खरा इलाज दिवसाचा

मुलांच्या दहशतीचं फार मोठं कारण अपुरी झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, सहा ते बाराच्या मुलाला नऊ ते बारा. आता आपल्या घरचा हिशेब मांडा. बाबा विरार किंवा बदलापूरची लोकल पकडून रात्री साडेनऊला येतात, त्यांच्यासोबत जेवून झोपायला अकरा वाजतात आणि सकाळची शाळा सातची. बाबांना भेटायची ओढ खरी आहे, ती मोडू नका. पण आठवड्यातले चार दिवस मुलाचं जेवण आधी उरकून नऊपर्यंत अंथरुण घाला आणि बाबांच्या वाट्याला सकाळची शाळेची सोडणी द्या. झोप अर्ध्या-पाऊण तासानं वाढवली तरी फरक दिसू शकतो. गणपतीत, लग्नसराईत किंवा ढोल-ताशाच्या सरावाच्या दिवसांत जागरण झालं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी झोपवा.

ताप हे दुसरं कारण. पावसाळ्यात तापाच्या रात्री दहशत आली तर घाबरू नका, पण तापाचं कारण मात्र तपासून घ्या. तिसरं कारण कुणी सांगत नाही: भरलेलं मूत्राशय. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री तिथं दिवा अर्धवट, म्हणून मुलं लघवी दाबून झोपतात. झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन त्याच्यासोबत जा. मूल तोंड उघडं ठेवून घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) दाखवा.

एवढं करूनही थांबलं नाही, तर दोन आठवडे वहीत वेळ लिहा. दहशत रोज ठराविक वेळेलाच येत असेल, समजा साडेअकराला, तर सव्वाअकराच्या सुमारास मुलाला हलकेच स्पर्श करून कुशीवर वळवा, ते थोडं चाळवलं, काहीतरी पुटपुटलं की पुन्हा झोपू द्या. हे दोन ते चार आठवडे रोज करायचं. गाढ झोपेचा तो ठरलेला टप्पा मोडतो आणि पुष्कळ मुलांमध्ये दहशत थांबते. बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा.

अंग ताठ होणं, तोंडाला फेस, एकाच रात्री तीन-चार वेळा हुबेहूब तीच हालचाल, दिवसा सतत पेंग, किंवा बारा वर्षांनंतर नव्यानं सुरुवात, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. ती आकडीही असू शकते. मोबाईलवर एक व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना तासभराच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो.

पॅनिक अटॅकनं जाग आली तर

मला स्वतःला हे अटॅक येत असत, म्हणून पुढचं जरा सावकाश लिहिते. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सोसायटीत फटाका फुटला की खाली उभ्या गाड्यांचे अलार्म वाजतात, तेव्हा चोर आलेला नसतो. शरीराचा धोक्याचा अलार्म तसाच चुकून वाजला आहे. अलार्म खरा आहे, चोर नाही.

१. उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. मुंबईच्या फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. दिवा लावायचा तर छोटा.

२. स्वतःशी आवाज करून म्हणा: "हा पॅनिक अटॅक आहे. आधीही आला होता. वर जाईल आणि उतरेल." मनातल्या मनात नको, ओठ हलवून म्हणा.

३. खोल, मोठे श्वास घेऊ नका. हा सल्ला सगळे देतात आणि तिथंच चुकतं. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर, घुसमट वाढते. लक्ष श्वास सोडण्याकडे हवं. नाकानं चार अंक मोजत हलका आत, ओठ किंचित आवळून सहा अंक मोजत बाहेर. पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय टाळा, दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरू शकतो. आणि श्वासाकडे बघितल्यानंच भीती वाढत असेल तर श्वास मोजायचा नाद सोडा आणि पुढच्या पायरीवर जा.

४. बाहेरचे आवाज वेगवेगळे करा. पंखा, फ्रिज, टाकीत पडणारं पाणी, हायवेवरचा ट्रक, वॉचमनची काठी. पाच आवाज, मग हाताला लागणाऱ्या चार वस्तू. लक्ष छातीतून खोलीत आणायचं आहे, एवढंच.

५. मोजमाप बंद. कोविडच्या काळात घराघरात आलेला ऑक्सिमीटर आजही उशाशी असतो. पाच मिनिटांत सहा वेळा बोट घातलं की प्रत्येक आकडा नवा धसका देतो. तपासायचंच तर एकदा. घड्याळ आणि गुगलही नको. "छातीत धडधड कारणे" असं रात्री दोनला शोधून कुणाचंही भलं झालेलं नाही.

६. पळू नका. गॅलरीत धाव घेणं, सगळ्यांना उठवणं, कपडे करून खाली उतरणं, यानं मेंदूला वाटतं की धोका खरा होता आणि पळाल्यामुळे वाचलो. लाट आहे त्या जागी बसून उतरली, असा अनुभव एकदा जरी आला तरी पुढचा अटॅक थोडा बोथट होतो.

शेजारी असलेल्यानं काय करायचं? उठून बसायचं, अंगावर न येता. "मी इथंच आहे. श्वास सोड सावकाश." इतकंच. "टेन्शन घेतेस ना, म्हणून होतं" हे त्या घटकेला बोलायचं नाही. पाणी मागितलं तर द्यायचं, पंखा वाढवायचा.

उतरल्यावर लगेच आडवं होऊन झोपेची जबरदस्ती करू नका. दुसरी खोली नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी किंवा दाराशी पाट टाकून पंधरा-वीस मिनिटं बसा, कपड्यांच्या घड्या घाला, जुना दिवाळी अंक चाळा. डोळे जड झाले की अंथरुणात या. घाबरत पडून राहिलं की अंथरुणाचीच भीती बसते, आणि मग संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो.

दिवसा: संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, कारण कॅफिन अर्धं व्हायलाच पाचेक तास लागतात. झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहिल्या दोन तासांत झोपवते आणि उरलेल्या रात्रीत वसूल करते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस, कॉल सेंटरवाले, विमानतळावरची मुलं यांनी पाळ्यांची अदलाबदल जमेल तितकी कमी करावी आणि दिवसाच्या झोपेला जाड पडदा, कानात बोळे आणि दाराला "झोपले आहेत" अशी पाटी द्यावी. बोळे बघून कुणी हसलं तर हसू दे. एप्रिल-मे मधल्या दमट रात्री, बंद खोलीत जी घुसमट होते तिचा पॅनिक असणाऱ्यांना खरंच त्रास होतो. त्यामुळे खिडकीजवळची जागा घरातल्या त्या माणसाला द्या.

डॉक्टरांकडे कधी, कुठे

अटॅक वारंवार येत असतील, किंवा पुन्हा येईल या धास्तीनं तुम्ही झोप, प्रवास, एकटं राहणं टाळू लागला असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ झाली. पॅनिकवर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे बोलून केलेले उपचार, चांगली चालते. त्यात धडधड, दम, चक्कर या संवेदना मुद्दाम, सुरक्षितपणे आणून दाखवतात, म्हणजे जिने चढून, जागेवर गोल फिरून, आणि त्यांची भीती मोडतात. गोळ्या लागल्या तर बहुधा एसएसआरआय गटातल्या (नैराश्य आणि चिंतेवरच्या) देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढूही शकते. त्या दिवसांत गोळी सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही मनानं एकदम बंद करू नका. शेजाऱ्यांच्या डब्यातली झोपेची किंवा अल्प्राझोलामची (घबराट दाबणारी) गोळी मात्र कधीच घेऊ नका, तिची सवय लागते. एखाद्या अपघातानंतर, आगीनंतर किंवा अत्याचारानंतर रात्री तेच दिसत असेल तर तेही स्पष्ट सांगा, त्याचे उपचार वेगळे आहेत.

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जेजे, या सगळ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, रांग लांब असते, सोबत कुणाला तरी न्या. पिशवीत जुने ईसीजी, थायरॉइड आणि साखरेचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि एका कागदावर चार ओळी: किती वाजता, किती मिनिटं, नंतर आठवतं का, घोरता का. आत गेल्यावर माणूस गोंधळतो, तेव्हा तो कागद सरळ पुढे करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसीचे कागद एकदा काढून वाचा.

रांगेत उभं राहायची ताकद आज नसेल, किंवा रात्रीच कुणाशी तरी बोलायचं असेल, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. ती चोवीस तास मोफत चालते आणि मराठीतून बोलता येतं. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच फोन करा, आणि त्या रात्री घरातल्या कुणाला तरी जागं करून जवळ बसवा.